सतरा आयती

इंग्लंडमधल्या कीथली गावात तौकीर हुसेनला तेराव्या वर्षापासून कोणी नावाने हाक मारली नाही. त्या वर्षी वरच्या मशिदीत त्याच्या डोक्याला पांढरा फेटा बांधला, गळ्यात हार घातले, लाडूंचे खोके फिरले, आणि तो हाफिजजी झाला. अख्खं कुराण तोंडपाठ. टॅक्सीवाले हाफिजजी म्हणत. चिकनच्या दुकानातला माणूस हाफिजजी म्हणे आणि दोन तुकडे जास्त टाकी. बापाला, साबिर हुसेनला, लोक ‘हाफिजचे अब्बा’ म्हणू लागले. लोकर पिंजायच्या गिरणीत चाळीस वर्षं रात्रपाळी केलेल्या त्या माणसाला तोवर कोणी काहीच म्हटलं नव्हतं.

पाठ केलेलं कुराण राखावं लागतं. त्याचे तीस पारे, म्हणजे तीस भाग असतात. रोज एक पारा न बघता म्हटला तर महिन्यात एक फेरी होते आणि ते टिकतं. आठवडाभर सोडलं तर बोलताना जीभ अडखळते. महिनाभर सोडलं तर पानंच्या पानं जातात, आणि गेल्याचा आवाजही होत नाही.

सतराव्या वर्षी तौकीर गिलाव्याच्या कामाला लागला. पहिली दोन वर्षं दुसऱ्यांचा माल कालवला. वीस पोती सकाळी, वीस दुपारी. मग हातात थापी आली. छताचा गिलावा शिकताना मान अशी धरायची की जेवताना खाली बघवत नसे. संध्याकाळी तो घरी येई, जेवे, आणि पडे. फेरी आधी आठवड्याला एक पारा झाली, मग महिन्याला एक, मग नुसती रमजानपुरती. कोणी विचारलं नाही. हाफिजला कोण विचारणार, तुला येतं का म्हणून?

तौकीरच्या चोविसाव्या वर्षी साबिर हुसेनच्या छातीचे फोटो निघाले. गिरणीतली लोकर अजून फुप्फुसात होती. डॉक्टरीण म्हणाली, दोन हिवाळे, नशीब असलं तर तीन. तौकीरच्या व्हॅनमधून दारात उतरताना म्हातारा म्हणाला, “एकच राहिलंय.”

“काय, अब्बाजी?”

“तुझ्यामागे उभं राहून पूर्ण ऐकायचंय. तरावीहमध्ये. वरच्या मशिदीत. पहिल्या रांगेत.”

रमजानमध्ये रोज रात्रीच्या नमाजनंतर तरावीह होते. थोडं थोडं करत सत्तावीस दिवसांत पूर्ण कुराण वाचलं जातं, पुढे उभा राहणारा हाफिज पाठ म्हणतो. तौकीर तिथे पुढे कधी उभा राहिला नव्हता. दरवर्षी कामाचं कारण सांगायचा.

त्या रविवारी त्याने खोलीचं दार लावून स्वतःची झडती घेतली. तीसपैकी पाच पारे पक्के. नऊ डगमगते. सोळा गेलेले. त्याने ते कागदावर लिहिलं, वाचलं, आणि कागद फाडला. सोळा पारे गेलेला माणूस हाफिज नसतो. लोक त्याला हाफिज म्हणतात, एवढंच.

रमजानला पंधरा महिने होते.

तो पहाटे चारला उठू लागला. एक पान घ्यायचं. सात वेळा बघून, सात वेळा न बघता. मग फोनमध्ये स्वतःचा आवाज भरायचा आणि पुस्तक उघडून तपासायचा. एक चूक सापडली की पान पुन्हा पहिल्यापासून. साडेसहाला कामावर. भिंतीवर पहिला हात मारून तो सुकेपर्यंत जो वेळ मिळे त्यात काल, परवा आणि तेरवाचं पान. संध्याकाळी बापाला औषध देऊन आठवड्याचं सगळं. या पंधरा महिन्यांत एकही दिवस खाडा नाही. त्याचं लग्न ठरत होतं ते मोडलं, कारण मुलगी म्हणाली हा माणूस चहा पिताना पण पुटपुटतो.

कामावर गॅरेथ नावाचा गोरा जोडीदार होता. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो चार वर्षं त्याच भिंतीला उभा होता.

“आज कुठवर?” गॅरेथ विचारी.

“सातवा.”

“काल पण सातवाच होता.”

“काल वाकडा होता.”

“म्हणजे खरवडून परत?”

“परत.”

गॅरेथ मान हलवी. खरवडून परत करणं म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

लहानपणी तौकीरला अर्थ कोणी शिकवला नव्हता. पाठ करायचं, छडी खायची, पुढे जायचं. आता दुपारच्या सुट्टीत तो पालथ्या बादलीवर बसून फोनवर अर्थ वाचू लागला. सातव्या सुऱ्यातलं, म्हणजे सातव्या अध्यायातलं एक पान त्याला नऊ दिवस बसेना. तिथे एकापाठोपाठ दोन आयती, म्हणजे ओळी, जवळपास सारख्याच आहेत. एकीत विचारलंय, गावोगावचे लोक इतके निर्धास्त झाले का, की आमचा तडाखा ते झोपेत असताना येणार नाही? दुसरीत तेच, पण भर दिवसा, खेळात दंग असताना. झोप आधी की खेळ आधी, तिथे तो दरवेळी अडके. दहाव्या दिवशी बसलं. तरी त्या जागी येताना त्याची छाती धडधडे. पंधरा महिन्यांत त्या जागेवरून तो कधी बेसावध गेला नाही.

शेवटचे तीन महिने तो उस्तादजींकडे गेला. हाफिज इश्तियाक. त्यांनीच त्याला लहानपणी पाठ करवलं होतं. आता वय अडुसष्ट, साखरेने डोळे अधू झालेले. तरावीहमध्ये पुढच्या हाफिजच्या बरोबर मागे उभं राहून ऐकायचं आणि तो चुकला तर मोठ्याने पुढचे शब्द द्यायचे, हे काम एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्याला लुकमा देणं म्हणतात. एकोणीस वर्षांत त्यांच्या कानातून एक चूक निसटली नाही, असं सगळे म्हणत. तेही म्हणत.

त्यांनी तीसही पारे ऐकले. शेवटच्या दिवशी म्हणाले, “गेलं होतं ना तुझं?”

तौकीरने मान खाली घातली.

“मला कळत नाही होय? नवं पाठ केलेलं वेगळं वाजतं. पण पक्कं आहे. मी चौधरीला सांगतो.”

चौधरी मारूफ मशिदीचा सेक्रेटरी. गाद्यांचं दुकान, पोट पुढे, माइक कायम त्याच्या हातात. त्याने एकच अट घातली. “हाफिजजी, सव्वानऊला आटपायचं. टॅक्सीवाल्यांचा धंदा तेव्हाच असतो. खालच्या मशिदीत नऊला सुटतात.”

मार्चमध्ये रमजान लागला. पहिल्या संध्याकाळी पावणेदोनशे माणसं होती. साबिर हुसेनसाठी पहिल्या रांगेत, उजव्या कडेला खुर्ची. तौकीर पुढे उभा राहिला, हात बांधले, आणि सुरू केलं. सहा दिवस एक लुकमा पडला नाही. व्हॅनमध्ये बाप रोज एकच वाक्य बोले. “चौधरी म्हणाला, छान.” एके दिवशी त्याने पुढची भर घातली. “खालच्या मशिदीचे दोघं आले होते ऐकायला.” खोकत होता, पण त्याची पाठ ताठ होती.

सातव्या दिवशी काम जड होतं. सबंध जिन्याची छतं. तरावीहला उभं राहताना तौकीरचे खांदे भरून आले होते. तरी वाचन नीट झालं. अडखळला नाही. मागून एक शब्द आला नाही. नऊ वाजून बारा मिनिटांनी सुटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोज्याआधी तो पराठा खाताना मनातल्या मनात आदल्या दिवसाचं वाचन उलगडून बघत होता. रोजची सवय. घास तोंडात राहिला. छाती धडधडायची ती जागा काल आलीच नव्हती.

तो जिन्यावर जाऊन बसला आणि पुन्हा सगळं आठवलं. मग त्याला कळलं कुठून गेला ते. सातव्या सुऱ्यात पैगंबर शुऐबची गोष्ट ज्या शब्दांनी सुरू होते, नेमक्या त्याच शब्दांनी ती अकराव्या सुऱ्यातही सुरू होते. पाठ करणाऱ्यांना ही जागा माहीत असते. तिथे सावध राहायचं असतं. तो थकलेला होता आणि या गल्लीतून त्या गल्लीत शिरला. तिकडची गोष्ट वाचत पैगंबर मूसा आणि फिरऔन राजापाशी आला. तेही दोन्हीकडे आहेत, दोन-तीन शब्द तेच आहेत, आणि त्या शब्दांवरून तो जसा गेला तसा परत आपल्या गल्लीत आला. ठेच नाही, थांबणं नाही. मधल्या सतरा आयती राहून गेल्या.

पावणेदोनशे माणसांपैकी एकालाही कळलं नव्हतं.

गिलाव्यात अशी जागा असते. वरून गुळगुळीत, रंग दिला की बघणाऱ्याला काही दिसत नाही. फक्त बोटाने ठोकलं की पोकळ वाजते. तौकीरने स्वतःची अशी जागा कधी झाकून ठेवली नव्हती. आणि यात झाकायची गरजही नव्हती. राहिलेल्या आयती दुसऱ्या दिवशी आधी वाचायच्या आणि मग पुढे जायचं, हा नेहमीचा रिवाज. तीन मिनिटांचं काम. माइकवर दोन वाक्यं सांगायची. न सांगता वाचलं तर मागचा ऐकणारा चूक समजून लुकमा देणार. आणि वाचलंच नाही, तर बापाचं पूर्ण कुराण पूर्ण होणार नाही.

तो दुपारी काम टाकून मशिदीत गेला. उस्तादजी भिंतीला टेकून बसले होते.

“उस्तादजी, काल शुऐबच्या जागी मी घसरलो.”

“नाही.”

“घसरलो. अकराव्यात गेलो.”

“मी मागे होतो. तू गेला असतास तर मी थांबवलं नसतं?”

“तुमच्याही ध्यानात आलं नसेल. दिवसभराचा रोजा होता…”

“तौकीर.” तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावाने हाक मारली. “तू माझ्यासमोर अलिफ म्हणायला शिकलास. आता मला ऐकायला शिकवतोस?”

“आज आधी तेवढं वाचून घेतो. तुम्ही फक्त लुकमा देऊ नका.”

“सतरा आयतींसाठी पावणेदोनशे लोकांपुढे माझी लाज काढणार तू?”

सतरा हा आकडा तौकीर बोलला नव्हता. शुऐबपाशी गेला एवढंच सांगितलं होतं. परत कुठे आला ते सांगितलं नव्हतं.

उस्तादजींच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले. “पूर्ण वाचलंस तू. जा कामाला.”

तिथून तो गाद्यांच्या दुकानात गेला. चौधरी मारूफने सगळं ऐकून घेतलं, उस्तादजींना फोन लावला, “अच्छा, अच्छा” केलं आणि फोन ठेवला.

“ते म्हणतात, काही राहिलं नाही.”

“राहिलंय, चौधरीसाहेब. मी वाचलंय, मला माहीत आहे.”

“आणि ते एकोणीस वर्षं ऐकतायत.” चौधरी पुढे वाकला. “हे बघ, हाफिजजी. कोणाला कळलं?”

“कोणाला नाही.”

“मग?”

“मला कळलं.”

“तुझं तू आणि अल्लाह बघून घ्या. आज मी माइकवर सांगितलं की काल राहून गेलं, तर उद्या खालच्या मशिदीत हसतील. एकाला वाचता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. माइक मिळणार नाही.”

संध्याकाळी व्हॅनमध्ये तौकीरने बापाला सांगितलं.

“लोकांनी ओळखलं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग गप्प बस की.”

“तुमचंच अर्धवट राहील, अब्बाजी.”

“माझं मी बघीन.”

तौकीर पुढे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने काही ठरवलं नव्हतं. नमाजचा पहिला सुरा म्हणून झाला. त्या दिवशी पुढची जागा नव्या सुऱ्याची, आठव्याची होती, पहिल्याच शब्दापासून. त्याने तोंड उघडलं आणि शुऐबपासून सुरू केलं.

मागून लगेच उस्तादजींचा आवाज आला. आठव्या सुऱ्याचे पहिले शब्द, खणखणीत.

तौकीर वाचत राहिला.

पुन्हा तेच शब्द, आता जास्त मोठ्याने. रांगेत कोणीतरी खाकरलं. अरबी कळत नसलं तरी हाफिजला मागून शब्द दिला जातोय हे सगळ्यांना कळतं. तो शब्द घेत नाहीये हेही कळतं. तिसऱ्यांदा. तौकीरचा घाम मानेवरून सदऱ्यात उतरला. तो नऊ दिवसांच्या त्या पानावर आला. झोपेतला तडाखा आधी, खेळातला मागून. बरोबर. आवाज हलला नाही. चौथ्यांदा उस्तादजी जवळजवळ ओरडले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. तौकीरने सतरावी आयत पुरी केली, मग आठवा सुरा घेतला, आणि वाकला.

दोन रकाती, म्हणजे नमाजचे दोन टप्पे, संपून दोन्ही खांद्यांकडे मान वळवत शेवटचा सलाम फिरला आणि मागे गलका झाला.

“हाफिजजी, बरं नाही का?”

“अरे, चार वेळा सांगितलं त्यांनी!”

“विसरला. सरळ आहे. भिंती लिंपतो दिवसभर, कसलं राहणार डोक्यात?”

तौकीर वळला. “काल राहिलेलं वाचलं,” तो म्हणाला. माइक नव्हता. तीन रांगांपलीकडे ऐकू गेलं नाही.

चौधरी मारूफने उस्तादजींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हाफिज इश्तियाक उभे होते आणि चटईकडे बघत होते.

“काल काही राहिलं नव्हतं,” ते म्हणाले.

पहिल्या रांगेत उजव्या कडेच्या खुर्चीवर साबिर हुसेनने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. तो मुलाकडे बघत नव्हता. चौधरीकडे बघत होता, साहेबासमोर कामगार बघतो तसा.

उरलेल्या अठरा रकाती दुसऱ्या एकाने छोट्या सुऱ्यांवर उरकल्या. नऊला सुटले. सकाळपर्यंत सगळ्या गावाच्या फोनवर एकच ओळ फिरली: वरच्या मशिदीचा हाफिज हरवला. खालच्या मशिदीच्या कोणीतरी त्याला हसणारी तोंडं जोडली होती. नवव्या दिवशी बोल्टनहून एक हाफिज आणला. तो इतका भरभर वाचे की शब्द एकमेकांत घुसत आणि आयतीचा शेवट कुठला ते जाणत्यालाही कळत नसे. उस्तादजी त्याच्या मागे उभे राहिले. एक लुकमा दिला नाही. नऊला पाच कमी असतानाच सुटले. टॅक्सीवाले खूश झाले.

तौकीर त्या दिवशी शेवटच्या रांगेत उभा होता. शेजारच्याने दुसऱ्या बाजूचा सलाम नीट फिरवला, तौकीरच्या बाजूचा घाईने उरकला. चपला घालताना चिकनवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि “काय तौकीर, बरं ना?” म्हटलं. हाफिजजी गेलं होतं. तेरा वर्षांत जे कोणी तपासलं नव्हतं, ते काढून घेतानाही कोणी तपासलं नाही. सोळा पारे गेले होते तेव्हा तो हाफिजजी होता. तीस पारे पक्के झाले तेव्हा तो तौकीर झाला.

कामावर गॅरेथने विचारलं, “संपलं?”

“काढलं मला.”

“चुकलास?”

“एकदा. मग दुरुस्त केलं.”

“मग काढलं कशाला?”

“दुरुस्त केलं म्हणून.”

गॅरेथने थापी पुसली. “आमच्यातही असे मुकादम बघितलेत मी,” तो म्हणाला आणि कामाला लागला. त्या महिन्यात तौकीरशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

दहाव्या संध्याकाळी रोजा सोडून झाल्यावर साबिर हुसेन टोपी घालून काठी शोधत होता. तौकीरने काठी दिली, पण हातातून सोडली नाही.

“अब्बाजी, तुमचा कोणावर विश्वास आहे? माझ्यावर की त्यांच्यावर?”

“विश्वासाचं काय घेऊन बसलास? लोकांनी चार वेळा ऐकलं.”

“मी खरं सांगत होतो.”

“असशील.” म्हाताऱ्याने धाप आवरली. “मी म्हटलं होतं, गप्प बस.”

“मी घरी वाचतो. उरलेलं सगळं. अठरा दिवस आहेत, रोज सव्वा पारा, पुरतं. तुम्ही इथे खुर्चीत बसा. सव्वानऊचं बंधन नाही. एकही शब्द राहणार नाही, मी लिहून देतो.”

“घरी?”

“घरी.”

“घरी कोण ऐकतं?”

“तुम्ही.”

साबिर हुसेनने मुलाकडे नीट पाहिलं. पोरगा असं काही विचारतो याचंच त्याला नवल वाटलं असावं. “मला कुठे कळतं त्यातलं?” तो म्हणाला.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चौधरी मारूफची गाडी होती. काल त्यानेच निरोप पाठवला होता, म्हाताऱ्याला चढ चढवत नाही, मी येता-जाता नेत जाईन. साबिर हुसेनने काठी ओढून घेतली, पायऱ्या एकेक करून उतरला, आणि चौधरीने आतून उघडलेल्या दारातून पुढच्या सीटवर बसला. आत काहीतरी बोलणं झालं. दोघंही हसले. म्हातारा हसता हसता खोकला. गाडी चढाला लागली.

तौकीरने दार लावलं. बैठकीच्या खोलीत चटई घातली, खुर्ची बाजूला सरकवली, आणि उभा राहिला. आठव्या सुऱ्यातलं जिथे सोडलं होतं तिथून दहाव्या पाऱ्याच्या शेवटापर्यंत त्याने वाचलं, एकेक शब्द सुटा करत. चूक झाली नाही. तसं सांगायला मागे कोणी नव्हतं.